पेट्या बंद करा

“हे सगळं लाल का दिसतंय?”

बंदराचे अधिकारी परुळेकर साहेब कधी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, मला कळलंच नव्हतं.

“मोडलेले संदेश आहेत, सर.”

“मोडलेले म्हणजे?”

“बोटींवरून निघाले, पण वाटेत एकमेकांवर आदळले. आपल्यापर्यंत पोचला तो नुसता कचरा.”

“आणि हिरवे किती?”

“चार.”

ते खिडकीपाशी गेले, बाहेर बघून परत आले, पुन्हा खिडकीपाशी गेले. त्या दुपारी आमच्या बंदराच्या दीडशेच्या वर बोटी समुद्रात होत्या.

डिसेंबर नुकता लागला होता. खाली लक्षद्वीपाजवळ वादळ तयार झालेलं होतं, पण ते पश्चिमेला निघून जाईल असं सगळेच धरून चालले होते. त्या सकाळी त्याने तोंड फिरवलं. वेळसंगे बंदरावर तेव्हा ऊन होतं, सुकत घातलेली मासळी होती, आणि समुद्र आतून फुगल्यासारखा हलत होता. वारा मात्र अजिबात नव्हता. त्याचीच सगळ्यांना जास्त धास्ती वाटत होती.

मी मूळची परभणीची. समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. आमच्या पुण्याच्या कंपनीने मच्छीमार बोटींसाठी एक पेटी बनवली होती. जेवणाच्या डब्याएवढी, वर छोटा पडदा, खाली काही बटणं आणि बाजूला एक लाल बटण. जिथे मोबाइल चालत नाही इतक्या आत गेलं तरी ती उपग्रहामार्फत दोन ओळींचा संदेश किनाऱ्यावर पाठवायची, आणि त्याच्याबरोबर बोट कुठे आहे तेही कळायचं. लाल बटण जिवावर बेतलं तरच दाबायचं. संदेश मिळाला की आम्ही इकडून खूण पाठवायचो आणि पेटीवरचा दिवा हिरवा व्हायचा. नाही मिळाला, तर पेटी जरा थांबून तोच संदेश आपोआप पुन्हा पाठवायची. हिरवा होईपर्यंत पाठवतच राहायची.

सगळ्या बोटींना उपग्रहाकडे जायला रस्ता एकच होता, आणि सगळ्या पेट्यांची थांबायची वेळही सारखीच होती. चाचणी घेतली तेव्हा मोजक्या बोटी होत्या, त्या कधी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. त्या दिवशी जिल्ह्याहून हुकूम आला, की सगळ्या बोटींना माघारी बोलवा आणि प्रत्येकीकडून पोच घ्या. मी संदेश सोडला. तो सगळ्यांना एकाच क्षणी मिळाला आणि सगळ्यांनी एकदमच बटण दाबलं. दीडशेच्या वर उत्तरं एकमेकांवर आदळली. पेट्या सारख्याच वेळ थांबल्या आणि पुन्हा एकदम बोलल्या. पुन्हा आदळल्या. दिवा हिरवा होत नाही म्हटल्यावर माणसं घाबरली, पुन्हा पुन्हा बटणं दाबू लागली, नवे नवे संदेश लिहू लागली. तो प्रत्येक संदेश त्या गर्दीत आणखी भर घालत होता.

“कंपनीला फोन लावा,” साहेब म्हणाले. “आणखी जागा द्या म्हणावं. रस्ता रुंद करा.”

“लावला होता. उपग्रहावर आणखी जागा मिळवायला उद्या दुपार होईल.”

“उद्या दुपारी काय करायचीय मला ती?”

मी खुर्चीवरून उठले. बसवतच नव्हतं. “सर, एक उपाय आहे. सगळ्यांनी गप बसायचं.”

“म्हणजे?”

“पेटी सुरू आहे तोवर ती पाठवतच राहणार. म्हणून पेट्या बंद करायला सांगायचं. बंद केली की पाठवणं थांबतं, आपला संदेश मात्र तिच्या पडद्यावर येत राहतो. सगळ्यांना. मग पाळीपाळीने सुरू करायच्या. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य असेल त्या आधी, मग एकवाल्या, मग दोनवाल्या. एका वेळी पंधरा-अठराच बोटी बोलतील. तेवढ्यांचं निभेल.”

“पण हे त्यांना कळवणार कसं? रस्ता तुंबलाय ना?”

“तिकडून येणारा तुंबलाय. इकडून जाणारा वेगळा आहे, तो मोकळा आहे. आपलं त्यांना सगळं मिळतंय. त्यांचं आपल्याला मिळत नाहीये.”

परुळेकर साहेब भले गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, बंदरावरच्या निम्म्या बोटींना नावानिशी ओळखणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

“वादळ येतंय, आणि मी माझ्या लोकांना सांगू, जीव वाचवायला दिलेली पेटी बंद करा म्हणून? त्यातला एखादा बुडायला लागला तर?”

“त्याने लाल बटण केव्हाही दाबावं. आपण तसं लिहू. पण सर, आत्ता कुणी दाबलं तरी ते पोचणार नाही. या कचऱ्यात आत्तासुद्धा एखाद्याचं लाल बटण असेल. मला ते दिसत नाही.”

पडद्यावर लाल ओळी भराभर वर सरकत होत्या. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, “ते ऐकायचे नाहीत. ऑफिसचा मेसेज म्हटला की आमची माणसं वाचतात आणि त्याच्या उलट करतात.”

“मग कुणाचं ऐकतील?”

त्यांनी खिडकीतून वाकून खाली हाक मारली, “शालू, जरा वर ये.”

शालिनी कुबल. सगळं बंदर तिला शालूकाकी म्हणायचं. जेटीवरचा मासळीचा लिलाव तिच्या हातात होता. पन्नाशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की बोलली तर धक्क्याच्या त्या टोकाला ऐकू जावं. तिचा नवरा सहदेव कुबल ‘भराडीप्रसाद’ नावाच्या बोटीचा तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. तो तीन खलाशी घेऊन समुद्रात होता. सकाळपासून ती दोन-तीनदा वर येऊन त्याची काही खबर आली का विचारून गेली होती.

आताही जिना चढताच तिने तेच विचारलं. “इलो काय तेचो मेसेज?”

“कुणाचाच येत नाहीये, काकी,” मी म्हटलं. “सगळे एकदम बोलतायत. तुमच्या लिलावात सगळे एकदम ओरडायला लागले तर तुम्ही काय करता?”

“लिलाव थांबवतंय. गप होयपर्यंत बोली घेणय नाय.”

“इथेही तेच करायचंय.” मी तिला पेट्या बंद करण्याचं आणि पाळ्यांचं समजावून सांगितलं. “आणि ते तुमच्या नावाने सांगायचंय. तुमचं ते ऐकतील.”

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“म्हणजे माज्या घोवाक पण पेटी बंद करूक सांगतलंय मी.”

“हो.”

“आणि मगे तेका काय झाला तर?”

“लाल बटण आहे.”

“ता दाबूक आदी पेटी सुरू करूक होयी मा?”

“हो,” मी म्हटलं. “लागेल.”

खालून जेटीवरच्या बायकांचा गलका वर येत होता. साहेब हळूच म्हणाले, “शालू, सहदेवच्या नंबराचा शेवटचा आकडा काय?”

“सात.”

“मग सातपासून सुरुवात करूया का?”

त्यांनी ते चांगल्या मनानेच विचारलं होतं. मीसुद्धा हो म्हटलं असतं. पण ती म्हणाली, “नको. शून्यापासना कर. लोकांका समजूक होया. सातापासना केलंस तर अर्ध्यांक वाटतला, काय तरी चुकला.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लिव. मी सांगतंय तसाच लिव.”

मी लिहिलं. शब्द तिचे होते, एकही बदलला नाही.

*शालूकाकी सांगता. पेटये बंद करा. तीन वाजता शेवटचो आकडो शून्य, मगे धा धा मिन्टांनी एक, दोन, तीन. आपल्या पाळयेकच सुरू करा. बुडत असशात तर लाल केवाय दाबा.*

संदेश तीनदा सोडला. आम्ही तिघंही पडद्यासमोर उभे होतो. लाल ओळी येतच होत्या. मी नखं खात होते. साहेबांनी एकदा “जाऊ दे” म्हटलं, कशाबद्दल ते मला कळलं नाही. मग मला वाटलं ओळी जरा विरळ झाल्या, पण तसं बोलून दाखवायचा धीर होईना. मग खरंच विरळ झाल्या. एक आली, बऱ्याच वेळाने दुसरी. आणि मग पडदा रिकामा.

“आता काय झाला?” काकीने विचारलं.

“बंद केल्या. तुमचं ऐकलं त्यांनी.”

“म्हणजे आता कोणच काय सांगीत नाय.”

“नाही.”

तो मोकळा पडदा लाल पडद्यापेक्षा वाईट होता. मघाशी निदान कुणीतरी ओरडतंय एवढं तरी कळत होतं. तीन वाजेपर्यंत मी जिना चारदा उतरून चढले. खाली काही काम नव्हतं. पाणी प्यायला गेले आणि न पिताच वर आले. दक्षिणेकडे आभाळ शिसवी रंगाचं व्हायला लागलं होतं आणि झेंड्याच्या काठीची दोरी थडथड वाजू लागली होती. वारा आला होता.

तीन वाजले. शून्यवाले सुरू झाले. पहिल्या दोन ओळी लाल आल्या, आणि तिसरी हिरवी आली. बोटीचं नाव, जागा, “मागे फिरलो.” मग चौथी हिरवी, पाचवी.

परुळेकर साहेबांनी लाउडस्पीकरचा माइक हातात घेतला. एकेक बोट आली की ते तिचं नाव जेटीवर पुकारायला लागले. मी नाव सांगायची, ते पुकारायचे. खाली शे-दोनशे बायका-माणसं उभी होती. नाव पुकारलं की त्यांतलं एखादं घर जागच्या जागी खाली बसायचं. उभ्या गर्दीत बसलेल्यांची ठिगळं पडत गेली. एक, दोन, तीन. एखादी बोट पाळीत राहून जायची, तिचं नाव मी बाजूला लिहून ठेवत होते. चार, पाच, सहा.

काकी माझ्या खुर्चीमागे होती. सातची वेळ झाली तेव्हा तिने खुर्ची घट्ट धरली, ते मला पाठीला कळलं.

सातच्या बोटी भराभर आल्या. चारपाच हिरव्या एकापाठोपाठ. साहेबांनी नावं पुकारली. त्यांत ‘भराडीप्रसाद’ नव्हती. मग काही मोडक्या ओळी आल्या, आणि वेळ संपत आली तसा पडद्यावर भोंगा वाजला. लाल बटण. संदेश पूर्ण, एक अक्षर न मोडलेला. ‘नूर-ए-दर्या’, तांडेल इम्तियाज सोलकर. इंजिन बंद, आत पाणी, आठ माणसं. आणि खाली जागेचे आकडे.

साहेब फोनवर होते. तटरक्षक दलाचं जहाज त्याच बाजूला होतं, त्यांनी आकडे दोनदा म्हणून घेतले आणि निघालो म्हणाले. मी खूण पाठवली. तिकडे कुठेतरी एका पेटीवरचा दिवा हिरवा झाला असणार.

मग घड्याळात बघितलं. सातची वेळ संपली होती.

मी मागे वळले. “काकी, सातवाल्यांसाठी आणखी जरा थांबू का?”

तिचा चेहरा घट्ट झाला होता. खिडकीकडे न बघताच ती म्हणाली, “आठवाल्यांचीय माणसां खाली उभी आसत.”

मी थांबले नाही. आठ आले. नऊ आले. मग राहिलेल्या बोटींची दुसरी फेरी घेतली. आता नावानेच बोलावत होतो, एकेकीला. बऱ्याचशा आल्या. “भराडीप्रसाद, पेटी सुरू करा,” असं मी लिहिलं. थांबले. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा काकीने मला थोपवलं आणि म्हणाली, “माजा नाव घाल.” मी घातलं. *शालूकाकी सांगता, पेटी सुरू करा.* पडदा रिकामाच राहिला. तोवर पाऊस आडवा यायला लागला होता आणि जेटीवर उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

“यंत्र बरोबर चलता मा?” काकीने विचारलं.

“चालतंय.”

“मगे हो खंय गेलो?”

दिवेलागणीच्या आधीच साहेबांनी तिला घरी पाठवलं. ती गेली, आणि घटकाभराने भिजून परत आली. पडद्याजवळच्या स्टुलावर बसली. मी बसायची, उठायची, तारा तपासायची, पुन्हा बसायची. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. आसपासच्या खाड्यांतून, गोव्याच्या बंदरांतून बोटी लागल्याचे फोन येत होते. जेवणवेळेपर्यंत एक सोडून सगळ्या बोटींचा पत्ता लागला. जिल्ह्याहून साहेबांना अभिनंदनाचा फोन आला. त्यांनी “हो सर, हो सर” केलं आणि फोन ठेवून तोंड धुवायला गेले.

दुपारी जीप आली. तटरक्षक दलाने ‘नूर-ए-दर्या’च्या आठही जणांना वाचवून मोठ्या बंदरावर उतरवलं होतं, तिथून ते घरी निघाले होते. बाकीचे सात जण आपापल्या माणसांत मिसळले. इम्तियाज सोलकर तेवढा जिना चढून वर आला. तिशीचा, अंगावर कुणीतरी दिलेला मोठा शर्ट, ओठ मिठाने फुटलेले. मला वाटलं आभार मानायला आलाय. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो काकीच्या स्टुलासमोर खाली बसला.

“काकी, सहदेवकाका आले का?”

तिने नकारार्थी मान हलवली.

तो एकदम खाली बघायला लागला. काकी म्हणाली, “काय ता सांग. सगळा सांग.”

“आमचं इंजिन बारा वाजताच बंद पडलं,” इम्तियाज म्हणाला. “मी लाल दाबलं. दिवा काही हिरवा होईना. तासभर दाबत होतो. मग काका दिसले. वळून आमच्याकडे आले, दोर टाकला. ओढायला लागले आणि दोर तुटला. दुसरा टाकला, तोही तुटला. लाटा वाढल्या होत्या, आणखी जवळ येता येत नव्हतं, बोटी आपटल्या असत्या. तेवढ्यात त्यांच्या पेटीवर तुमचा मेसेज आला. काकांनी तो ओरडून मला वाचून दाखवला आणि पेटी बंद केली. मलाही म्हणाले, बंद कर. मी म्हटलं, काका, आम्ही बुडतोय, लाल केव्हाही चालतो असं लिहिलंय. ते म्हणाले, दाबून बगलंस मा इतको येळ? कोण आयकता? ती सांगता तसा कर. सगळे गप झाले की तुजा आयकतले.”

“मगे?”

“दोघांचाही आकडा सात. काका तिथेच फिरत राहिले, आम्हाला सोडून गेले नाहीत. सातची वेळ झाली तशी मी पेटी सुरू केली. काकांची पेटी त्यांच्या हातात होती, मला दिसत होती. त्यांनी सुरू केली नाही. मी ओरडलो, काका, तुमचा पाठवा. ते म्हणाले, मी बरो आसंय. तुजा जावंदे आदी. मी बोललंय तर तुजो परत मोडात.”

खोलीत तिघंचौघं होतो. साहेबांनी वाजणारा फोन बंद केला.

“आमचा हिरवा झाला, तेव्हा मी हात वर करून दाखवला,” इम्तियाज म्हणाला. “त्यांनी घड्याळ बघितलं. सातची वेळ गेली होती. म्हणाले, आता आठवाल्यांची पाळी, मी दुसऱ्या खेपेक सांगतंय. जहाज दिसेपर्यंत थांबले. मग किनाऱ्याकडे वळले. इंजिन चांगलं चालत होतं, काकी. आम्हाला जहाजावर घेत होते तेवढ्यात पावसाची भिंत आली. त्यानंतर मला दिसले नाहीत.”

काकीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो रडत होता. ती रडत नव्हती. “जा,” ती म्हणाली. “तुजी आवस घराकडे वाट बगता.”

पुढे कितीतरी दिवस शोध चालला. विमानंही फिरली. पण शोधणार कुठे? इम्तियाजच्या बोटीची जागा नेमकी माहीत होती, तिथून पुढे सहदेव कुबलची बोट कुठल्या अंगाला गेली ते सांगणारी एक ओळ आमच्याकडे नव्हती. वेंगुर्ल्याच्या खाली एक फळी मिळाली आणि नाव रंगवलेला तेलाचा डबा. बरोबरच्या तीन खलाशांपैकी एक शेजारच्या गावचा आणि दोघं नेपाळचे होते. त्यांच्या घरी कळवायला साहेबांना पुष्कळ खटपट करावी लागली.

चौकशी झाली. पेट्या बंद करायला सांगितलं ते बरोबरच होतं, असं त्यात ठरलं. तसं केलं नसतं तर ‘नूर-ए-दर्या’ची आठ माणसं गेली असती, आणि बाकीच्या बोटींना कुठल्या खाडीत शिरा हे सांगता आलं नसतं. मला कंपनीने बढती दिली. पुढच्या पेट्यांमध्ये आम्ही थांबायची वेळ प्रत्येकीची वेगळी केली, दर खेपेला नवी, आणि उत्तर मिळालं नाही तर पेटीने जास्त जास्त थांबायचं. लाल बटणाला स्वतंत्र रस्ता दिला. आता तशी वेळ आली तर कुणाला पेटी बंद करा म्हणून सांगावं लागणार नाही.

हे सगळं होऊनही मला पुढे स्वस्थता अशी राहिली नाही. कामावर पडदा रिकामा दिसला की मी उठून फेऱ्या मारायला लागते. लोकांना वाटतं मला गर्दीची भीती आहे. एक प्रश्न होता, तो मला चौकशीतही कुणी विचारला नाही, आणि ज्या एका माणसाला मी तो विचारू शकले असते, तिच्यासमोर जायचं मी टाळत होते.

सहा वर्षांनी नव्या पेट्या बसवायला वेळसंग्याला जावं लागलं. परुळेकर साहेब तोवर निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते. जेटीवर सकाळचा लिलाव संपत आला होता. शालूकाकी बांगड्यांच्या टोपल्यांवर बर्फ टाकत होती. केस पांढरे झाले होते. मला तिने लगेच ओळखलं. चहा मागवला, माझी, माझ्या घरच्यांची चौकशी केली, पेटी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. इम्तियाज पहिला बांगडा दरवर्षी तिच्याकडे आणून टाकतो, असं सांगितलं. मी हो हो म्हणत होते. माझा पाय सारखा हलत होता, ते तिने बघितलं असावं.

“काय ता इचार एकदाचा,” ती म्हणाली.

“काकी, त्या मेसेजवर तुमचं नाव नसतं, ऑफिसचंच असतं, तर त्यांनी पेटी बंद केली असती?”

तिने बर्फाचा खडा टोपलीत फोडला.

“नसती केल्यान.”

ती मासळीवर बर्फ सारखा करत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

“तीस वर्सां संसार केलंय, बाय. आभाळ बरा नाय, आज जाव नको म्हटलंय. दारू सोड म्हटलंय. पोराक दर्यार न्हेव नको म्हटलंय. माजा एक कदी आयकूक नाय तेणी.” ती जरा थांबली. “तेवडाच एक आयकल्यान.”

वाकून टोपलीचा एक कान तिने धरला आणि दुसऱ्याकडे मला मानेने खूण केली. आम्ही दोघींनी ती टोपली उचलली आणि टेम्पोपर्यंत नेली.